साडूचं पोट कुठे गेलं?

५ जानेवारी, रविवार
तिसगावला साडूच्या शेतावर हुरडा पार्टी. श्रीमंतला ओळखलंच नाही. पोट गायब! हा जयमालाच्या धाकट्या बहिणीचा, मोनिकाचा, नवरा. लग्न झाल्यापासून माझ्यापेक्षा जाड. मला कोणी पोटावरून बोललं की मी नुसतं त्याचं नाव घ्यायचो. तो आधार गेला.
जिम नाही, गोळ्या नाहीत. म्हणतो, "भाऊ, सगळं घरचंच हाय. तेल कमी अन् चव जास्त." वाक्य पाठ केलेलं वाटलं.
परतताना जयमाला म्हणाली, श्रीमंतराव किती तरुण दिसायला लागलेत. हे तिने सावेडीला घरी येईपर्यंत तीन वेळा सांगितलं.
मत्सर माझ्या स्वभावात नाही. फक्त त्याच्यापेक्षा पाच किलो जास्त उतरवायचे. उद्यापासून.
(हुरडा भरपूर खाल्ला. शेवटी ज्वारीच ती. गूळ आणि शेंगदाण्याची चटणी सोबतीला होती, एवढंच.)

७ जानेवारी, मंगळवार
नागापूरला कंपनीत मेडिकल चेकअप. डॉक्टर म्हणाले, शुगर बॉर्डरवर आहे. फेब्रुवारीअखेर पुन्हा तपासू, उतरली नाही तर गोळ्या. बॉर्डरवर म्हणजे अजून आपल्याच देशात आहे. काळजीचं कारण नाही.
तरी डाएट सुरू करायचाच. पण श्रीमंतच्या रेसिपी नकोत. आपल्याला डोकं आहे.

१२ जानेवारी, रविवार
पहिला शोध : ओट्सचं थालीपीठ. पूर्णपणे माझी कल्पना. ओट्स कोरडे असतात म्हणून लोणी. लोणी अळणी म्हणून चीज. अप्रतिम झालं.
निकिताने मोबाईलमधल्या ॲपमध्ये सगळं भरून पाहिलं. म्हणाली, पप्पा, यापेक्षा वडापाव खाल्ला असता तर बरं. ॲप परदेशी आहे. त्याला थालीपीठ काय कळणार?

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तिळगुळाला नाही म्हणणं म्हणजे गोड बोलायला नाही म्हणणं. सबब खाल्ला.
श्रीमंतने फॅमिली ग्रुपवर नाचणी-खजुराच्या लाडवांचा फोटो टाकला. बदामांचा (लाल, हृदयाच्या आकाराच्या) पाऊस. मी तासाभराने माझ्या शुगर-फ्री गाजर हलव्याचा टाकला. साखर नाही, नुसता खवा. एकच अंगठा आला. तोही श्रीमंतचा.
मुद्दाम दिला. असले अपमान मला लगेच कळतात.

१८ जानेवारी, शनिवार
मोड आलेल्या मुगाची भेळ. कांदा, टोमॅटो, लिंबू. आरोग्याला उत्तम, जिभेला शिक्षा. म्हणून चवीपुरतं फरसाण घातलं. मग थोडं आणखी. शेवटी मूगच चवीपुरते राहिले.
वजन : वाढलंय. काटा जुना आहे.

२१ जानेवारी, मंगळवार
घरात फितुरी. जयमालाने डब्याला धिरडी दिली, मुगाच्या डाळीची. चौकशी केली तर रेसिपी श्रीमंतची. मोनिकाकडून फोनवर घेतली म्हणे. डबा न उघडता शेजारच्या टेबलावरच्या ओंकारला दिला. मी कॅन्टीनमध्ये वडा-सांबार खाल्लं. दोन प्लेट. भुकेचा प्रश्न नव्हता, तत्त्वाचा होता.
ओंकारने दिवसभर डोकं खाल्लं. वहिनींना रेसिपी विचारा ना, वहिनींना रेसिपी विचारा ना.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाला उभा असताना सुचलं. मला बारीक व्हायला वेळ लागेल. त्याला जाड व्हायला एक रविवार पुरे.
पुढच्या रविवारी दोघांना जेवायला बोलावलं. जयमालाला माझं मन किती मोठं आहे ते पहिल्यांदाच जाणवलं असावं. डोळे मोठे करून बघत होती.

२ फेब्रुवारी, रविवार
मटण स्वतः केलं. तर्री बोटभर. सोबत तूपभात, वर बासुंदी.
श्रीमंतने वाटीभर रस्सा घेतला, एक भाकरी, ताटभर काकडी. आणि सावकाश, डोळे मिटून जेवला. "भाऊ, तुमच्या हाताला लई चव हाय," म्हणाला. मन लावून बोलला. मला राग यायला हवा होता, तो वेळेवर आला नाही. बासुंदी चमचाभर चाखून बाजूला ठेवली. वाया जाऊ नये म्हणून ती मी संपवली.
संध्याकाळी गडी सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरला. दुधी किसला, भिजवलेल्या मूगडाळीत लसूण-मिरची वाटून घातली, तव्यावर थेंबभर तेल फिरवलं. धिरडी. सोबत काकडी घातलेलं दही.
खोट काढायला म्हणून एक खाल्लं. कडेला कुरकुरीत, आत मऊ. खोट सापडेना. दुसरं घेतलं. खोट शोधायला वेळ लागतो. मोनिका म्हणाली, "दाजी, बाकीच्यांना राहू द्या की."
निघताना श्रीमंतने मला गाडीपाशी बाजूला घेतलं. मागच्या वर्षी शेतात चक्कर येऊन पडला होता. शुगर. "पोरगी लहान हाय, भाऊ. लई भ्यालो." हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सावकाश जा म्हणालो.
मग म्हणाला, तिसगावला बचत गटाच्या बायांसाठी आहारावर कार्यक्रम आहे, तुम्ही स्टेजवर पाहिजेच. हाताच्या चवीची कदर शेवटी होतेच.

२२ फेब्रुवारी, शनिवार
उद्या कार्यक्रम. भाषण तयार : 'चव आणि चरबी'. ब्लेझरचं बटण लागत नाही. उघडा ठेवणार. हल्ली तशीच फॅशन आहे. जयमालाने विचारलं, तुम्हाला बोलायला सांगितलंय का? अशा गोष्टी सांगायच्या नसतात, समजून घ्यायच्या असतात.

२३ फेब्रुवारी, रविवार
मांडव भरलेला. नारळ, शाल, पहिली खुर्ची. भाषण खिशात.
श्रीमंत माईकवर म्हणाला, "माझं पोट किती व्हतं ते सांगून कुणाला पटत न्हाई. म्हणून आमच्या साडूंना आणलंय. भाऊ, जरा उभं राहा. आडवं वळा. हां, अस्सं व्हतं."
टाळ्या.
पुढच्या रांगेतल्या छबूबाई नावाच्या म्हातारीने हात वर केला. "खोटं नको बोलू रं शिरीमंता," ती म्हणाली, "तुझं येवढं नव्हतं."
सगळ्यात जास्त कोण हसलं ते मी पाहिलं. जयमाला. डोळ्याला पदर लावून.
माईक माझ्याकडे आलाच नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
श्रीमंतचे दोन फोन येऊन गेले. घेतले नाहीत. मीटिंगमध्ये होतो. (मीटिंग नव्हती.)

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
रिपोर्ट आला. बॉर्डर ओलांडली. गोळी सुरू, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांना लॅबबद्दल शंका बोलून दाखवली. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी पुढे सरकवली.
जयमालाला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी ती भाजी आणायला गेल्यावर श्रीमंतला फोन लावला. धिरड्याचं पीठ किती सैल लागतं ते विचारलं.
"कुणासाठी, भाऊ?"
कंपनीतल्या एकासाठी, म्हणालो. त्याची शुगर निघालीय.
त्याने पीठ, पाणी, तवा, गॅस, सगळं नीट सांगितलं. शेवटी म्हणाला, "त्यांना म्हणावं, भिऊ नका. हळूहळू जमतं. अन् कधीबी फोन करा."
सांगतो, म्हणालो.
पहिलं धिरडं तव्याला चिकटलं. उलथन्याने खरवडून ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं.