तुम्ही चाखलेली माती

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत पत्र लिहायचं सुचलं नाही, आणि आज सुचलं तेही दुसऱ्याचं पत्र आलं म्हणून! मालवणच्या शाळेतल्या गुरुजींचं. गलबतं एकेक करून मोडीत चालली, निदान ती कशी हाकत ते तरी पोरांना कळावं, म्हणून त्यांनी शाळेची एक खोली रिकामी केली आहे. कुणी जुनं शीड दिलं, कुणी सुकाणू. माझ्याकडे त्यांनी तुमची, तुम्ही सांगितलेली नि मी लिहून घेतलेली, वही मागितली.

मी हौसेने कपाटातून वही काढली, आणि मग पत्राची शेवटची ओळ वाचली. "धुक्यात तुमचे बाबा समुद्राच्या तळाची माती चाखून गलबत खडकांतून बंदरात आणीत, असं इथले म्हातारे सांगतात. कुठे कशी माती, ते वहीत असेलच."

नाही, बाबा. वहीत ते नाही.

आठवतं? तुम्ही माझ्याकडे राहायला आलात, तेव्हा इथे हुगळीकाठी, खिदिरपूरच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचो. जकात कचेरीतला माणूस मी, दुसऱ्याचा मसुदा सुधारायची खोड हाताला लागलेली. दोरीला बांधलेलं शिसं, त्याच्या बुडाला चरबी, चरबीला चिकटून वर आलेली माती, इथवर सगळं लिहिलं. चाखायची गोष्ट आली की लेखणी खाली. "हे नको, बाबा. वाचणारे काय म्हणतील? गलबताचा तांडेल माती खायचा?"

"बरां, नको तर नको," म्हणालात. भांडला का नाहीत हो? खलाशांवर तर केवढे ओरडायचात!

खरं सांगू? मला तुमची लाज वाटत होती. पहिल्यांदा डॉकवर नेलं, तेव्हा घाटावर उकिडवे बसून तुम्ही हुगळीचा गाळ बोटाने जिभेला लावलात. शेजारी माझे साहेब उभे. मी तुमचा हात खाली ओढला. "बाबा, लोक बघताहेत!"

"बघूंदेत रे झिला. गोडी माती आसा. समुद्र हयसून लांब."

त्यानंतर कधी डॉकवर चल म्हणाला नाहीत. आणि मी शहाणा, तुमच्या अस्थीही त्याच गोड्या पाण्यात सोडल्या.

परवा आमच्या पायलटबाबूंकडे गेलो होतो, जहाजांना नदीतून वाट दाखवतात ते. त्यांनी समुद्राचा नकाशा पसरला. खोलीच्या आकड्यांशेजारी जागोजाग बारीक अक्षरं छापलेली: चिखल, वाळू, शिंपले. "तळ ओळखता येत नाही तो पायलट कसला?" बाबू हसून म्हणाले. इंग्रज साहेबाने जे मानाने छापलं, ते मी घरातल्या घरात गाळलं!

किती आठवून पाहिलं, बाबा. एकच ओळ हाती लागते: "शिंपल्यांची कचकच लागली काय समज, फातर लागीं इलो." खडक जवळ आला, एवढंच. बाकीचं काय? वेंगुर्ल्याची माती कशी? देवगडची? तुमच्या जिभेवर अख्खा किनारा होता, आणि मी शेजारी बसून शुद्धलेखन करत होतो.

रजा मागितली आहे. तुमच्याबरोबर फिरलेले दोन खलाशी अजून आहेत म्हणे. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळला की त्यांच्या होडीतून जाईन, शिसं सोडीन, वर आलेली माती तुमच्यासारखीच जिभेला लावीन. ते जसं बोलतील तसंच लिहीन. सगळं परत मिळणार नाही, ठाऊक आहे मला.

वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर तुमची ती ओळ लिहिली आहे. खाली लिहिलं आहे, "बाकीचं बाबा सांगत होते, मी लिहिलं नाही." हे पान पोरांसमोर मीच वाचून दाखवणार.

बघूंदेत लोक.

तुमचो झिल,
वसंत