दशकातून पायल वजा

२ जानेवारी, सकाळ
वाचनालयाला दहा वर्षं झाली म्हणून सव्वीस तारखेला ‘आपल्या कॉलनीचं दशक’ हे फोटो प्रदर्शन. दहा विषय, दहा फोटो. निवड मी करायची, असं सेक्रेटरी बुद्धभूषण काका म्हणाले. मी बी.ए., इतिहास. घरातली पहिलीच पदवीधर.
कॉलनीतली रीलवाली पायल दशकात नसेल. वैयक्तिक काही नाही. माझ्या पदवीच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर तिने तिसऱ्याच दिवशी स्वतःचा ‘एक लाख फॉलोअर्स’चा फ्लेक्स लावला, याच्याशी काही संबंध नाही. तेव्हापासून तिला ब्लॉक केलंय, त्याच्याशीही नाही.

३ जानेवारी
यादी तयार. लॉकडाऊनची खिचडी, नळाला पहिलं पाणी, मुलींचं लेझीम... दहावा विषय शिक्षण. फोटो माझा, स्टुडिओतला. कोणी आग्रह केला असता तर नाही म्हणणार होते.

८ जानेवारी
घरोघर फिरले. फोटो कुणाकडेच नाहीत. सगळ्यांचे जुने मोबाइल पाण्यात पडलेत. शेजारच्या कलाबाई म्हणाल्या, अगं पायलला विचार की, ती सारखी शूटिंग करत हिंडायची.
मरेन, पण विचारणार नाही.

११ जानेवारी
पायलला अनब्लॉक केलं. संशोधनापुरतं. खिचडीच्या रीलमध्ये ती नाचते, पण मागे पातेलं स्पष्ट दिसतं. स्क्रीनशॉट घेतला. तिला क्रॉप केलं. फार बरं वाटलं.

१४ जानेवारी
नळ: पायल. क्रॉप. लेझीम: पायल पुढे, मधोमध. क्रॉप केल्यावर एक कोपर आणि अर्धं लेझीम उरलं. चालेल.

१९ जानेवारी
ती गेटवर भेटली. म्हणाली, दीपाताई, माझे किती व्हिडिओ लाइक केलेस गं! चुकून बोट लागलं, म्हटलं. साठ वेळा? म्हणाली. मग म्हणे, ओरिजिनल फाइल देऊ का, स्क्रीनशॉट फुटतात.
नको म्हटलं. स्वाभिमान आहे.

२४ जानेवारी
प्रिंट आले. फुटलेत. शिवाय प्रत्येकावर कोपऱ्यात पायलचं नाव. वर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. आता तिचा मागमूस नाही.

२६ जानेवारी, संध्याकाळ
दुपारच्या उन्हात पट्ट्या सुटल्या. कलाबाई एकेका फोटोवरचं नाव मोठ्याने वाचत गेल्या: पायल, पायल, पायल. काकांनी पायलला शाल दिली. म्हणाले, हिने आपलं दशक जपलं. माझे आभार ‘मांडणी व चिकटपट्टी’साठी.
दहाव्या फोटोपाशी आई उभी. माझा स्टुडिओतला फोटो नव्हताच. पदवीचा दिवस, कॉलनीचं गेट. माझी काळी टोपी आईने घातलीय, बाबा पोट धरून हसतायत, मी टोपी ओढतेय. हे कुणी टिपलं ते मला माहीतच नव्हतं. कोपऱ्यात तेच नाव.
आई म्हणाली, पायलकडून मागून आणून लावला. त्या स्टुडिओतल्यात तू एकटीच होतीस.
बराच वेळ शोधलं. या फोटोत पायल कुठेच नव्हती. क्रॉप करायला काही नव्हतं.

२७ जानेवारी
पुढच्या दशकाची यादी आजच सुरू. पायल नाही म्हणजे नाही.
त्या फोटोची फाइल मात्र तिच्याकडून मागून घ्यायची. ओरिजिनल. स्क्रीनशॉट फुटतात.