मचूळ

४ जानेवारी

पोचले एकदाची. दोन बस, आणि शेवटचा टप्पा टेम्पोत गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसून. नवरोबांचं रस्ताभर 'सांभाळून, सांभाळून' चाललं होतं, जणू मी काचेचं सामान. तिसरा महिना नुकताच सरलाय आणि मी स्वतः नर्स आहे, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही.

उपकेंद्र मला आवडलं. पुढे तपासणीची खोली, तिला लागून बाळंतपणाची, मागे माझं क्वार्टर. एक खोली, ओटा, न्हाणी, आणि खिडकीतून थेट खाडी. भिंतींना गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरी पूड फुटलीय, ती रोज झाडावी लागते. इथे वीस वर्षं काम करणाऱ्या मावशींनी मी यायच्या आधीच फरशी लख्ख पुसून ठेवली होती. नळाचं पाणी प्यायले आणि तोंड वाकडं झालं. मचूळ! मावशी हसून म्हणाल्या, पंधरा दिवसांत जीभ बसते, मग बाहेरचं पाणीच गळ्याखाली उतरत नाही.

नवरोबा त्यांच्या वेल्डिंगच्या कामावर परत गेले. दोन तासांवर आहे, दर रविवारी येतील. माझी पहिली स्वतंत्र नेमणूक. आईला फोन करून दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, ऐकलं गं बाई.

११ जानेवारी

यादीत बारा गरोदर बायका. मी तेरावी. त्यातली एक वीस वर्षांची पहिलटकरीण, पाचवा महिना. अंगाने एवढीशी आणि सारखी चिवचिव, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणतात. तपासणी झाली तरी बाकावरून उठत नाही. नर्सला स्वतःला भीती वाटते का, मुलगी हवी की मुलगा, पोटातल्याला उचकी लागते का, शंभर प्रश्न. तिच्या मते आमची मुलं एका वर्गात असणार आणि तिचं माझ्याला बदडणार.

सगळ्यांची बीपी घेतली. बारांपैकी सात जणींची जास्त. एवढ्या तरण्या पोरींची? यंत्रच बिघडलं असणार. स्वतःची घेतली, ११०/७०. यंत्र माझ्यापुरतं बरोबर आहे म्हणायचं!

२७ जानेवारी

नवं यंत्र आलं. आकडे तेच.

डॉक्टरांना फोन केला. ते पंधरवड्यातून एकदा येतात. म्हणाले, मीठ कमी करायला सांगा. मी बायकांना तसं सांगितलं, तर सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. त्या भाजीत मीठ घालतच नाहीत. सहा वर्षं झाली, इथे कोणाच्या घरी मीठ विकत आणलेलं नाही.

संध्याकाळी मावशींनी बांध दाखवला. त्यांच्या लग्नाच्या वेळी समुद्र बांधापासून अर्ध्या तासाच्या चालीवर होता. मग तीन वर्षांत तीन वादळं झाली, पाणी गावात शिरलं आणि विहिरींत उतरलं. वरून नदीला पूर्वीसारखं पाणी येत नाही, म्हणून खालून खाडी वर चढते. पलीकडची झाडं जागच्या जागी वाळून उभी आहेत. पडतही नाहीत. मावशी म्हणाल्या, खारवलंय सगळं, किडाही लागत नाही.

१४ फेब्रुवारी

आज नवरोबांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि अंगणात थुंकला. साखरेऐवजी काय घातलंस, म्हणून माझी थट्टा. मी कप घेऊन प्यायले.

मला तो चहा चांगला लागला. नेहमीसारखा.

नळाचं पाणी घेऊन जिभेवर घोळवलं. काही नाही. साधं पाणी. नवरोबांनी मला दिसू नये म्हणून तोंड फिरवून चूळ भरली. आता पुढच्या रविवारपासून ते तिकडून गोड्या पाण्याचे कॅन आणणार आहेत. हसत बोलत होते, पण निघताना पायरीवर उगाच घुटमळले.

२ मार्च

कॅनमधलं पाणी मला पिववत नाही.

लिहितानाही लाज वाटते. आळणी लागतं, गिळगिळीत, मळमळतं. दुपारी पेलाभर नाक दाबून प्यायले आणि सगळं उलटून पडलं. मग नळाखाली ओंजळ धरली आणि ढोसलं. तीन ओंजळी. मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, डोहाळे असतात असे, इथे सगळ्यांना लागतात.

डोहाळे नाहीत हे. मला ठाऊक आहे. तरी संध्याकाळी पुन्हा प्यायले.

१७ मार्च

महिन्याची बैठक. किनाऱ्यावरच्या नऊ उपकेंद्रांच्या नर्सेस. चहाच्या वेळी मी हळूच विषय काढला, तर सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. सगळीकडे हेच. पोरींना सूज, पोटात मूल जातं, चाळिशीच्या पुरुषांना अर्धांगवायू, पोरांच्या अंगावर न जाणारी खरूज. उन्हाळा वर्षागणिक लांबतोय, त्यामुळे माणसं पाणी जास्त पितात, आणि जेवढं जास्त पितात तेवढं मीठ पोटात जातं. एकीने सांगितलं, तिच्याकडे गेल्या वर्षी पाच बायका झटके येऊन गेल्या.

तालुक्याच्या आरोग्य साहेबांना गोड्या पाण्यासाठी अर्ज दिला. त्यांनी वाचला. माणूस वाईट नाही. म्हणाले, बाई, मी पाण्याच्या खात्याला चार पत्रं पाठवली, समुद्राला कोणाच्या नावे पाठवू?

३० मार्च

चिमणीच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. मी वीस मोजले, खळगा भरला नाही. चिमणी गंमत म्हणून स्वतःच दाबून बघत बसली, एकाशेजारी एक, चार खळगे.

१५०/१००. लघवी नळीत घेऊन दिव्यावर उकळली, तर फाटलेल्या दुधासारखी पांढरी झाली. प्रथिनं जातायत, धोक्याची खूण. शहरात जा, आजच जा, म्हणून सांगितलं. तिची सासू म्हणाली, सोमवारी जातो, गाडी बघतो. माझे दोन्ही कॅन तिला दिले. मला नाहीतरी—

५ एप्रिल

चिमणी गेली.

काल सकाळी दहाला आणली. डोकं फुटतंय म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणाली. बाकावर बसवायच्या आत झटका आला. डोळे वर, दातखीळ, सगळं अंग धनुष्यासारखं. मी झटक्यांवरचं मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं. झटका थांबला. अर्ध्या तासाने पुन्हा. मावशींनी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. दुपारी दीडला सगळंच थांबलं. मूल पोटातच.

तिची सासू नळाशी गेली, तोंड धुतलं, आणि मग ओंजळीने पाणी प्यायली. मी बघत राहिले. तिला थांबवायला हवं होतं, पण दुसरं काय प्यायला देणार होते?

९ एप्रिल

आई म्हणते, नोकरी गेली खड्ड्यात, आत्ताच्या आत्ता निघ. नवरोबा रडले. रजेचा अर्ज केलाय. बदली नर्स मिळेपर्यंत थांबा, असं उत्तर आलं. दोघी बाळंत होऊन सुटल्या, अजून नऊ जणी आहेत. त्यातल्या चौघींना सूज आहे. मी गेले तर त्यांच्या नडगीवर अंगठा कोण दाबणार?

महिनाअखेरपर्यंत थांबते. बदली येवो न येवो, एक तारखेला निघायचं. आता फक्त कॅनचं पाणी. औषध समजून.

२३ एप्रिल

गाळून, उकळून, लिंबू पिळून, कसंही पिते. अर्धं उलटतं. चार दिवस नळाला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा तांब्या तोंडाला होता. शुद्धीवर म्हणजे झोपेत नव्हते. उभी होते, डोळे उघडे होते. नळापर्यंत कधी गेले ते आठवत नाही.

१३०/८५. वाढतंय, पण चालेल.

२९ एप्रिल

अंगठी निघेना. साबण लावून काढली.

आज नळीत माझी उकळली. दिव्यावर धरली आणि डोळे मिटून घेतले. मावशी म्हणाल्या, उघडा आता.

पांढरी.

१४६/९६. सामान बांधलं. नवरोबा परवा गाडी घेऊन येणार.

१ मे

भरतीच्या पाण्याने रस्ता कापला. वादळ नाही, पाऊस नाही, नुसती भरती. नवरोबा पलीकडून फोनवर. दिसतात. हात हलवतात. मध्ये पाणी. ओहोटीची वाट बघितली, पाणी उतरलं तर खाली रस्ताच नाही. मोठा खड्डा. गावात होडी नाही, पलीकडून मागवायची तर उद्याच.

२ मे

दुपारी खाडीपलीकडून होडीने एक बाई आणली. झटके चालू. त्या बारांतली नाही, यादीत नाही, माझी कोणी नाही.

कपाटात मॅग्नेशियमचा एकच डोस होता.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी दिला. झटके थांबले, बाई शुद्धीवर आली. होडीने शहरात पाठवायची, मीही बसणार होते. तेवढ्यात आतल्या खोलीत यादीतल्या एकीच्या कळा वाढल्या. होडी थांबवून धरता येत नव्हती. म्हटलं, तुम्ही हिला पोचवा, परतीच्या फेरीला मी येते.

चार वाजता मुलगी झाली. अडीच किलो. जोरात रडली. किती दिवसांनी हसले.

४ मे

होडी आली नाही. वारा सुटलाय. होडीवाला फोनवर म्हणतो, तीन दिवस कोणी खाडीत उतरणार नाही. डॉक्टर म्हणतात, डाव्या कुशीवर पडून रहा, अंधार करा, गोळी घ्या. घेतली. १६०/१०४.

कॅन संपले. आता नळच. घशाखाली उतरताना बरं वाटतं, हेच भयंकर आहे.

६ मे

डोकं. कपाळाच्या मागे कोणीतरी खिळे— मावशी खिडकीला चादर लावून बसल्यात. मला आता 'पोरी' म्हणतात. बाळ हलतं. सकाळपासून नऊ वेळा. नऊ चांगलं.

१७०/११०

नवरोबांनी कुठून तरी एक होडीवाला तयार केलाय. उद्या सकाळी निघतील.

७ मे

१८० वर. खालचा आकडा ऐकू येईना, कान वाजतात

होडी दिसते म्हणतात मावशी. मला दिसत नाही. खिडकीच्या जागी पांढरं. आणि काजवे. खूप

डॉक्टरांसाठी लिहिते. सकाळी सात— उलटी. साडेसात— बरगडीखाली दुखतं. आठ— दिसणं कमी. इंजेक्शन नाही, संपलं. बाळ हललं, आत्ता, दोनदा

मावशीला समजावलंय. घाबरायचं नाही. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, धरून दाबायचं नाही. घड्याळात बघायचं, झटका किती मिनिटं टिकला, आणि इथे खाली लिहायचं. मावशी रडायला लागली. म्हणाली, पोरी, मला लिहिता कुठे येतं

मग मीच