कुळदैवत कोणतं?

जळगाव, २ एप्रिल २०२४

ती. बाबांस,
प्रभूच्या नावात नूतनचा सलाम.

फोनवर तुम्हांला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने जुळवता, म्हणून लिहिते. शिवाय हे बोलताना मला रडू आलं असतं.

रविवारी ईस्टरची उपासना आटोपून योगेंद्र मला पहूरला त्याच्या घरी घेऊन गेला. त्याच्या आई, सुगंधाबाई, फार मायाळू आहेत. शेवभाजी वाढताना माझे हात पाहून म्हणाल्या, दवाखान्यात धुऊन धुऊन नर्सबाईंची सालं निघतात वाटतं. मग सहज विचारलं, तुमचं कुळदैवत कोणतं. योगेंद्रने घरी एवढंच सांगितलं होतं की मी पिंपळनेरच्या कोकणी आदिवासी मास्तरांची मुलगी. मी त्याच्याकडे पाहिलं. तो ताटाकडे पाहत होता. आणि मी सप्तशृंगी म्हणाले.

आजीच्या बाप्तिस्म्याआधी आपल्या घरात तिचंच नाव घेत, तेव्हा अगदीच खोटं नाही, असं दोन दिवस मनाला समजावते आहे. योगेंद्र म्हणतो, सगळं सारखंच, ज्याचं खरं त्याच्यापुरतं. लग्नानंतर तू खुशाल चर्चला जा, आईला कशाला दुखवायचं. पण सुगंधाबाई चैत्रात गडावर जाणार आहेत आणि माझ्या नावाने देवीला साडी नेणार आहेत. ती त्यांनी घेऊनसुद्धा ठेवली.

रागवा, पण लवकर लिहा. गोळ्या वेळेवर घ्या आणि माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
नूतन

पिंपळनेर, ६ एप्रिल

चि. नूतन हिस बाबांचे आशीर्वाद.

पत्र वाचून रागावलो, चहा करून प्यायलो, मग पुन्हा वाचलं. मला सगळं ऐकू येतं. फक्त तुझी मावशी बोलते तेव्हा कमी येतं.

तुझ्या आजीने देवीला कधी नाव ठेवलं नाही. पण कोणी विचारलं तर प्रभूचं नाव सांगितल्यावाचून राहिली नाही. त्यापायी माहेर तुटलं, तरी तिने सांगितलं. तिचं जुनं दैवत तू तिच्याच आडून पुढे केलंस, याचं मला वाईट वाटलं.

योगेंद्र मनाने चांगला आहे. पण ज्याचं त्याचं खरं म्हटलं की विचारायचं काही उरत नाही, आणि माणसं एका घरात राहून परकी राहतात. सुगंधाबाई तसं मानत नाहीत. त्या उन्हात गड चढणार, खऱ्या मनाने साडी नेणार. त्यांना अशी फसवणूक घेऊन जाऊ देणं आपल्या प्रभूला चालणार नाही, आणि त्यांच्या श्रद्धेचाही तो अपमान आहे. तुझी आई असती तर एका वाक्यात मिटवलं असतं, खरं शे ते सांगी टाक.

लग्न मोडेल कदाचित. तसं होणार नाही असा खोटा धीर देत नाही. मोडलं तर रजा टाकून घरी ये. आपण दोघं मिळून वाईट स्वयंपाक करू.

तुझ्यावर जशी होती तशीच माया असलेला,
बाबा

जळगाव, १४ एप्रिल

ती. बाबांस,
नूतनचा सलाम.

गुरुवारी सुट्टी होती. एकटीच पहूरला गेले आणि सांगितलं. आम्ही ख्रिस्ती आहोत, मी येशूला मानते, नुसती घरची रीत म्हणून नाही, आणि त्या दिवशी तुम्ही मला आवडलात म्हणून घाबरून खोटं बोलले.

सुगंधाबाईंनी योगेंद्रला ठाऊक होतं का, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. मग त्या उठल्या, साडी कपाटात ठेवली, मला चहा दिला आणि बसची वेळ सांगितली. योगेंद्र म्हणतो, आईपेक्षा तुला तुझा खरेपणा मोठा वाटला. तेव्हापासून बोलत नाही. मला त्याची फार आठवण येते, तुमच्यापासून कशाला लपवू. आज चर्चमध्ये मात्र मान वर करून बसता आलं.

शनिवारी येते. तांदूळ निवडून ठेवा, लोभ तर आहेच.

तुमची,
नूतन

पहूर, २७ एप्रिल

अमृत मास्तर यांस सुगंधाबाईचा नमस्कार.

पत्ता योगेंद्रकडून घेतला. फोनवर तोंडाला येईल ते बोलून जाते, म्हणून लिहिते.

मला राग आला होता. तुमच्या देवाचा नाही, फसवल्याचा, आणि मुलीपेक्षा माझ्या मुलाचा जास्त. गडावर जाऊन आले. साडी माझ्या नावाने नेसवली. उतरताना मनात आलं, ही पोर गप्प राहिली असती तर मला कधी कळलं नसतं, आणि तिला जन्मभर माझ्यासमोर जपून बोलावं लागलं असतं. योगेंद्रलाही हेच सांगितलं. तो तुमच्या मुलीला भेटून माफी मागणार आहे.

लग्नाला मी हो म्हणत नाही. भाऊबंद काय म्हणतील याची धास्ती आहे. पण घर पाहिल्याशिवाय नाही म्हणणंही बरं नव्हे. पुढच्या रविवारी येते. तुमच्या प्रार्थनेला मागे बसेन. तिथे हात जोडायचे असतात की नाही, ते आधी कळवा. मनात नसताना दुसऱ्याचं पाहून काही करायला नको.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. आपण अजून भेटलो नाही, तेव्हा ते आज खरं होणार नाही. ओळख असावी.

सुगंधाबाई