मोकळ्या घरातला जवाब

मेसईद, कतार
फेब्रुवारी १९५८

अम्मा,

तुझ्या इसाकचा सलाम. मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

पेन्शनीनंतर राहायला म्हणून आमचे साहेब भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर घर बघायला गेले. स्वयंपाकाला मलाही नेलं. बेट अजून कोरं आहे, गाडीरस्तासुद्धा नाही. पांढरं घर, दारात अंजीर, खाली समुद्र. साहेबांनी ते घेतलंच. तुला फार आवडलं असतं.

बिलकिस, तू अम्माला वाचून दाखवतेस, पण इथून पुढे मनातच वाच. दलालाने कुलूप काढलं. मोकळ्या घरातही सलाम करूनच शिरावं, ही अम्माची शिकवण. मी सलाम केला आणि आतून म्हातारीचा जवाब आला. बोली कळली नाही, पण मला दारात बघून अम्मा "आलास?" म्हणते ना, अगदी तस्सा सूर. साहेबांना काहीच ऐकू आलं नाही. दलालाचा चेहरा मात्र उतरला. मागाहून त्यानेच सांगितलं, त्या घरची म्हातारी जहाजावर गेलेल्या लेकाची वाट बघत तिथेच वारली होती.

तेव्हापासून इथल्या माझ्या खोलीत मी सलाम न करताच शिरतो. अम्मा अजून माझी वाट बघत खिडकीत बसून असते का गं?

आता पुन्हा मोठ्याने वाच.

अम्मा, या ईदला मी येतोय, इन्शाल्ला. दारातून सलाम करीन. नुसता आतून जवाब देऊ नकोस. गुडघे दुखले तरी ओटीवर ये, मला दिसशील अशी उभी राहा.

तुझाच,
इसाक