न वाजलेलं ‘टक्’

आदरणीय मेहुणेसाहेब,

निम्मा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, बॉनेटमध्ये डोकं घालून घालून कंबरेनं तोच आकार धरला आहे.) आपली तब्येत उत्तम असेलच. जुनी गाडी आमच्या गळ्यात पडल्यापासून आपल्याला झोप छान लागते, असं आपल्या बहिणीकडून कळतं. उद्या सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायला येतोय. ‘तापलेल्या डब्यात मी बसायची नाही’ हा त्यांचा निरोप पोचला, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

गाडी देताना आपण म्हणाला होता, एसी असा की शाल लागेल. लागली खरी, घाम पुसायला! सुरुवातीला गार वारा येतो आणि इंजिन तापलं की भट्टी. (गाडी दाखवताना आपण आम्हाला गल्लीच्या टोकावरूनच का परत फिरवलंत, ते आता उमगलं.) फ्यूज मी स्वतः पाहिला, शाबूत होता. मेकॅनिककडे नेली, तर गॅसही पुरेसा. मग त्यानं आपल्या बहिणीला एसीचं बटण दाबायला बसवलं आणि मला बॉनेटखाली बघायला लावलं. कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर गरगर फिरत होती, पण तिच्या तोंडावरची चकती ढिम्म! करंट तारेपर्यंत येत होता. बल्ब लावून मी खात्री केली, मग बल्बचीही केली.

“काका, चुंबकानं ही चकती ओढली की टक् वाजतं आणि कॉम्प्रेसर फिरतो,” मेकॅनिक म्हणाला. “हा क्लच झिजलाय, चकती आणि पुलीमधली फट वाढलीय. तापला की चुंबकाचा जोर कमी पडतो. कॉम्प्रेसर मात्र ठणठणीत आहे.”

मोठं काम न काढणारा मेकॅनिक मी जन्मात पाहिला नव्हता. संशय दुणावला. त्यानं लांब काठीनं चकतीला हलकेच ढोसलं. टक्! आतून आपली बहीण ओरडली, “गार आलं!” (तिला पढवलं असेल म्हणून मी स्वतः आत बसून पुन्हा ढोसायला लावलं.) शेवटी इंजिन बंद करून त्यानं चकतीमागचा एक पातळ वॉशर काढला, फट कमी केली आणि तो जेवायला गेला. वॉशर माझ्या खिशात आहे. एक भाग कमी का केला, याचा त्याला उद्या जाब विचारीन.

आपला,
केवळ आपल्या बहिणीमुळे झालेला मेहुणा

ता. क. तापल्यावरही क्लच टिकतो का, ते बघायला मी इंजिन आणि एसी चालू ठेवून बाहेर आलो. कोणी आत हात घालू नये म्हणून सगळी दारं लॉक केली. किल्ली आत आहे. दोघांचे फोनही. एसी उत्तम चालतोय, काचा गारठल्या आहेत आणि आम्ही उन्हात उभे आहोत. आपल्या गावाकडे निघालेल्या दूधवाल्याच्या हाती हे पत्र देतोय. दुसरी किल्ली ‘हरवली’ असं आपण म्हणाला होता. कृपया ती सापडवावी आणि त्याच्याच हाती पाठवावी.

ता. ता. क. दादा, पत्र दूधवाल्याकडे पोचवायला यांनी माझ्या हातात दिलं म्हणून लिहिते. तू मला गुपचूप दिलेली ती किल्ली माझ्या पर्समध्येच आहे. आत्ता काढली तर ‘तुझ्याकडे कशी?’ ही चौकशी आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनपर्यंत चालेल. तू नुसतं रिकामं पाकीट पाठव. किल्ली मी त्यात घालते.