ईदपर्यंत पालाच

भद्रावती
२५ जानेवारी २००३

प्रिय नाहीद,

तुझं रागाचं पत्र भेटलं. जन्मभर गावाले गोश्त कापून देणाऱ्या माणसाले घरात एक बोटी भेटत नाई, अम्मी, तू एवढी कठोर कशी झाली, असं लिहिलंस. अमरावतीले खबर कोणी पोचवली ते ठाऊक आहे मले. शेजारच्या खुशाल मास्तरांले बसवून तुझे अब्बाच माझी कागाळी लिहवून घेत होते. हिनं मले बकरा करून टाकलं, दोन्ही टाइम पाला चारते, म्हणत होते. मी चुलीपाशी सारं ऐकून राह्यली होती.

हो, चारते पाला. आज सकाळी ज्वारीची भाकर, लाखोळीची कवळी भाजी अन् बिनफोडणीचं वरण होतं. जंगलाकडून टोपली घेऊन येणाऱ्या इतवारीबाईले सांगून ठेवलं आहे, पहिले माझ्या दारी थांबायचं. ताट समोर ठेवलं की तुझे अब्बा ताटाकडे पाहतात, मग माझ्या तोंडाकडे, अन् म्हणतात, हे झालं, आता जेवण वाढ.

लग्न होऊन सावली गावाहून आली तेव्हा मले गोश्त शिजवताच येत नव्हतं. आमचा धानाचा मुलूख, भात अन् भाजी. गोश्त बकरीदले, नाईतर कोणाच्या लग्नात. अन् पडली कसायाच्या घरी! पहिली कलेजी अशी शिजवली की चपलेचा तळवा झाला. तुझ्या दादीनं कपाळाले हात लावला. अब्बांनी मात्र सारी खाल्ली अन् दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून मले शिकवायले बसले. मीठ शेवटी टाकायचं, हे त्यांचंच. त्या दिवसापासून हा माणूस मले आवडायले लागला, आज लिहून टाकते.

दोन वर्षांमागं त्यांच्या छातीत दुखलं तेव्हा डॉक्टरनं गोश्त बंद केलं होतं. सहा महिने पाळलं. मग तुझं लग्न आलं, अन् व्याह्यांसमोर गुलाम रसूल कसाई भाजी खाते का? सुटलं ते सुटलंच, मी बी डोळेझाक केली. आता दिवाळीपासून पोट दुखते. कुर्ता खांद्यावरून घसरते. लोकांले मी गॅस सांगते. मागच्या महिन्यात नागपूरले दाखवून आलो, त्याच दिवशी मी गोश्ताचं पातेलं घासून माळ्यावर टाकलं. ईदपर्यंत घरात भाजीच शिजंल, असं सांगून टाकलं.

तवापासून ते दिवस मोजून राह्यले. कुर्बानीची पहिली कलेजी आपली, तोवर तब्येत सुधरते, असं येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतात. सुरीले धार बी लावून ठेवली. परवा तुझी फुफी भावासाठी खिम्याचा डबा घेऊन आली, तो मी दारातूनच परत केला. तुझ्यात रहम नाई, म्हणाली. अजून बी लय बोलली.

आता खरं सांगते, अन् हे पत्र वाचून फाडून टाक. नागपूरच्या डॉक्टरनं त्यांले बाहेर बाकावर बसवलं अन् मले आत बोलावलं. पोटातली गाठ कलेजीपर्यंत गेली आहे. मी पथ्य विचारलं, तर म्हणाले, आता पथ्य नाई बाई, जे मागतील ते खाऊ द्या. नाहीद, अब्बांच्या दुकानावर असे कितीक लोक यायचे, डॉक्टरनं बापाचं पथ्य सोडलं, पावशेर चांगलं द्या म्हणणारे. त्या रोजी अब्बा घरी येऊन सांगत, त्या घरी आता माती आहे. एकदा बी चुकले नाई. माझ्या हातून ताटात एक बोटी पडली, की त्याच मिनिटाले ते समजून जातील. मी पाला चारते तोवर त्यांले वाटते, आपल्याले बरं व्हायचं आहे. ईद त्यांले दिसंल असं डॉक्टर म्हणत नाई. म्हणून तू ईदची वाट पाहू नको, भेटंल त्या एसटीनं निघून ये. हातात डबा आणू नको. डोळे रस्त्यातच पुसून घे. अन् घरात पाय ठेवला की त्यांच्यासमोर माझ्याशी भांड, पत्रात भांडली तशीच.

तुझीच,
अम्मी